मांडणीची विद्या : समांतर गणनेच्या इतिहासातील एक प्रकरण



या स्मृतिव्याख्यानासाठी संस्थेने मला पाचारण केले याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक. माझे आयुष्य मात्र मराठीच्या अध्यापनात गेले. तेव्हा भाषेचा अभ्यासक ज्यावर बोलू शकेल आणि गणिताच्या शिक्षकाला जो आपला वाटेल, असा विषय शोधणे मला भाग होते. विचारांती मी जो विषय निवडला तो असा : अनेक गणनयंत्रे एकत्र बसवून त्यांच्याकडून एकच काम करून घेण्याची विद्या, आणि ज्यांची अंतर्रचना पुन्हा पुन्हा बदलता येते अशा साधनांवर ती विद्या कशी उतरली याचा इतिहास. या इतिहासात पुणे आहे, नारायणगावाजवळचे खोडद आहे आणि गेल्या चार दशकांतील काही मराठी माणसांची बुद्धी आहे.

आपल्याकडे हा इतिहास बहुधा एका वाक्यात सांगितला जातो : परदेशाने महासंगणक नाकारला आणि आपण तो करून दाखविला. हे वाक्य खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे. काय केले हे त्यात येते, कसे केले हे येत नाही. यंत्रे दहा वर्षांत मोडीत निघतात. ज्या रीतीने ती जुळविली ती रीत मात्र टिकते आणि पुढच्या पिढीला उपयोगी पडते. आपल्या स्मरणात यंत्रांची नावे राहिली आणि रीत निसटली, तर आपण पुन्हा केवळ गिऱ्हाईकच होऊ. हे माझे आजचे प्रतिपाद्य आहे.

१. पंगतीचे गणित

प्रथम मूळ प्रश्न समजून घेऊ. त्यासाठी संगणकाकडे जाण्याची गरज नाही. आपल्या धारवाडकडच्या लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणावी, किंवा हुबळीच्या सिद्धारूढ मठातील प्रसादाची. समजा पन्नास पाने मांडली आहेत आणि वाढावयाचे पदार्थ दहा आहेत. एका पानावर एक पदार्थ वाढण्यास एक क्षण लागतो असे धरू. वाढपी एकच असेल तर त्याला पाचशे क्षण लागतील आणि पहिल्या पाहुण्याचा भात निवून जाईल.

आता दहा वाढपी घ्या. प्रत्येकाच्या हाती एकच पदार्थ द्या आणि त्यांना एकामागून एक सोडा. मीठ वाढणारा दुसऱ्या पानाशी पोचला की चटणी वाढणारा पहिल्या पानाशी येतो. तो दुसऱ्याशी गेला की कोशिंबीर पहिल्याशी येते. शेवटचा वाढपी नऊ क्षण उशिरा निघेल आणि पन्नास पाने पुरी करील. एकूण क्षण एकोणसाठ. माणसे दहापट झाली आणि काळ जवळजवळ साडेआठपटीने घटला. कोणता पदार्थ कोणत्या पानावर केव्हा पडेल हे सांगण्यास कोणी मुकादम लागत नाही. पानाचा क्रमांक आणि पदार्थाचा क्रमांक यांची बेरीज करून त्यातून एक वजा केला की क्षण मिळतो. शेवटच्या पानावर शेवटचा पदार्थ पन्नास अधिक दहा वजा एक, म्हणजे एकोणसाठाव्या क्षणी पडतो.

कोणी म्हणेल, पन्नास वाढपी लावा, प्रत्येक पानापाशी एक. दहा क्षणांत पंगत वाढून होईल. होईल खरी, पण मग प्रत्येक पदार्थाची पन्नास भांडी लागतील आणि स्वयंपाकघराच्या दारात एकच चेंगराचेंगरी होईल. तिसराही एक मार्ग आहे. वाढपी जागच्या जागी उभे राहतील आणि पाहुणे ताट घेऊन त्यांच्यासमोरून सरकतील. आजकालच्या समारंभांत तेच घडते. वरवर पाहता पंगत आणि ही उभ्याची जेवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर. पण वेळेचे कोष्टक दोन्हीकडे एकच आहे. एकात पान स्थिर आणि पदार्थ फिरता, दुसऱ्यात पदार्थ स्थिर आणि पान फिरते, एवढाच भेद.

आणखी एक बंधन विसरून चालणार नाही. वरण भातावर पडावे लागते आणि तूप वरणावर. आधी तूप आणि मग भात असे कोष्टक कितीही जलद असले तरी निरुपयोगी होय. म्हणजे प्रत्येक मांडणीला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : कोणते काम कोणत्या जागी, कोणत्या क्षणी, आणि कशाच्या नंतर. समांतर गणनेची सारी विद्या या तीन प्रश्नांत सामावली आहे. प्रोसेसर म्हणजे वाढपी, स्मृती म्हणजे भांडी आणि तारा म्हणजे पंगतीतील वाटा, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे समजते.

२. पंगतीचे शास्त्र होते

या प्रश्नांना गणिताचे रूप देणारा पाया १९६७ साली घातला गेला. रिचर्ड कार्प, रेमंड मिलर आणि श्मुएल विनोग्राड या तिघांनी एकाच साच्याच्या आवर्ती समीकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एखादी गणना जाळीच्या असंख्य बिंदूंवर पसरली आहे आणि प्रत्येक बिंदूला ठराविक शेजाऱ्यांकडून उत्तर हवे आहे. तर तिचे वेळापत्रक लावता येईल की नाही, आणि येत असेल तर किती कामे एकाच वेळी होतील, याचे विवेचन त्यांनी केले. १९७४ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तीच दृष्टी प्रत्यक्ष प्रोग्रॅममधील आवर्तनांना लावली. गणनेच्या जाळीतून एक तिरपी पातळी सरकत जाते आणि त्या पातळीवरचे सर्व बिंदू एका क्षणी सिद्ध होतात, असे हे चित्र आहे. आपल्या पंगतीतील ‘पान अधिक पदार्थ’ ही बेरीज म्हणजे अशीच एक तिरपी रेषा.

पुढे १९७८ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात एच. टी. कुंग आणि चार्ल्स लायझरसन यांनी या कल्पनेला प्रत्यक्ष यंत्राचा आकार दिला आणि तिला ‘सिस्टॉलिक’ हे नाव दिले. हृदयाच्या आकुंचनासाठी वैद्यकात वापरला जाणारा हा शब्द आहे. हृदय ठोका देते आणि रक्त पुढे सरकते. तसा घड्याळाचा प्रत्येक ठोका पडला की लहान लहान प्रोसेसरांच्या रांगेतून अंक एकेक घर पुढे सरकतात आणि जाता जाता प्रत्येक घर आपला गुणाकार व बेरीज उरकून घेते. यामागचे कारण मुळात काटकसरीचे होते. स्मृतीतून एक अंक आणणे हे त्याचा गुणाकार करण्यापेक्षा महाग पडते. एकदा आणलेला अंक शेजाऱ्याच्या हाती देत देत दहा ठिकाणी वापरला, तर दहा खेपा वाचतात. आमटीचे भांडे प्रत्येक पानामागे स्वयंपाकघरात नेऊन पुन्हा भरून आणणारा वाढपी आपण ठेवीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

ऐंशीच्या दशकात हे शास्त्र अधिक काटेकोर झाले. समीकरणे लिहून द्यावीत आणि नियमांनी, पायरीपायरीने, त्यांतून प्रोसेसरांची रचना निघावी, अशी पद्धत फ्रान्समध्ये पॅट्रिस क्विंटन यांनी आणि अमेरिकेत संजय राजोपाध्ये व इतरांनी विकसित केली. एरवी निष्णात अभियंत्याच्या अंतःस्फूर्तीवर सोडलेले काम आता शिकविता येण्याजोगे झाले. कला जेव्हा रीत होते तेव्हाच ती शाळेत येऊ शकते. व्याकरणाच्या अभ्यासकाला हा क्षण विशेष मोलाचा वाटतो.

३. पुण्यातील परम

आता पुण्याकडे वळू. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी भारताला अमेरिकन क्रे महासंगणक हवे होते. हवामानासाठी एक मिळाला, तोही कडक अटींवर. अधिक सामर्थ्याच्या यंत्रांना तिकडच्या सरकारने अनुमती दिली नाही. या पार्श्वभूमीवर मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ज्याला सर्वजण सी-डॅक म्हणतात ती संस्था, स्थापन झाली. तिचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे आले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी १९४६ साली जन्मलेला हा माणूस नागपूर, बडोदे आणि दिल्ली येथे शिकलेला. १९९१ साली त्यांच्या चमूने ‘परम ८०००’ सिद्ध केला.

या नावाकडे भाषेचा विद्यार्थी म्हणून क्षणभर थांबून पाहावेसे वाटते. समांतर यंत्र या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे त्यात गोवली आहेत आणि संस्कृतातील श्रेष्ठत्ववाचक शब्दही त्यात आहे. नाव ठेवतानाच आपण सांगून टाकले की हे यंत्र एका प्रचंड मेंदूचे नाही, अनेकांच्या मेळाचे आहे.

तो मेळ कसा होता? परम ८००० मध्ये टी-८०० जातीचे चौसष्ट ट्रान्सप्युटर होते. ट्रान्सप्युटर ही ब्रिटनमधील ब्रिस्टल येथील इन्मॉस कंपनीची निर्मिती. एकाच चकतीवर प्रोसेसर, थोडी स्मृती आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे. चार दुवे असल्याने ते चौकटीत मांडता येतात : एक उत्तरेस, एक दक्षिणेस, एक पूर्वेस, एक पश्चिमेस. पण प्रत्येक गणनेला चौकट मानवत नाही. कोणाला रांग हवी असते, कोणाला कडे, कोणाला वृक्ष. म्हणून परमचे दुवे कायमचे जखडलेले नव्हते. कामाप्रमाणे ते बदलून जोडता येत. आपल्या हुबळीच्या लोकांना हे समजाविण्यास फार शब्द नकोत. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून हे गाव रूळ आणि सांधे यांवर वाढले आहे. यार्डातील रूळ जमिनीत पक्के असतात. सांधेवाल्याने सांधे बदलले की त्याच रुळांवरून एक गाडी गदगकडे जाते, दुसरी लोंढ्याकडे, तिसरी दावणगेरेकडे. रूळ तेच, मार्ग निराळे.

येथे आपल्या लाडक्या अर्ध्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग सांगितला पाहिजे. परममधील चकत्या ब्रिस्टलच्या होत्या. पुण्याचे काय होते? त्यांना जोडणारी रचना, त्यांच्यात काम वाटून देणारी प्रणाली, आणि वैज्ञानिकांचे प्रश्न त्या रचनेत बसविण्याची खटपट. हे कमी महत्त्वाचे होते असे ज्यांना वाटते त्यांनी पुढे काय घडले ते पाहावे. नव्वदच्या दशकात ट्रान्सप्युटरचा वंश खुंटला. परम जर केवळ ट्रान्सप्युटरांचा ढीग असता तर तोही तेथेच संपला असता. तसे झाले नाही. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० आला, परम ९००० मध्ये स्पार्क घराण्यातील प्रोसेसर आले, १९९८ मध्ये परम १०००० उभा राहिला आणि २००३ मध्ये परम पद्म जगातील पहिल्या पाचशे संगणकांच्या यादीत जाऊन बसला. वाढपी बदलले, पंगत चालूच राहिली. कारण पंगत मांडण्याची विद्या आपल्या हाती आली होती.

४. सात बिंदू, सात रेषा

ज्या वर्षी पुण्यात परम ८००० सिद्ध झाला, त्याच १९९१ साली अमेरिकेतील अल्बुकर्की येथील महासंगणन परिषदेत नरेंद्र करमरकर यांनी एक निराळाच विचार मांडला. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले करमरकर मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली बाहेर पडले आणि बर्कली येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. मार्गदर्शक होते रिचर्ड कार्प, म्हणजे १९६७ च्या त्या त्रयीतलेच एक. १९८४ साली बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी रेषीय नियोजनाची जी नवी पद्धत दिली तिने त्यांचे नाव जगभर झाले. त्यांचा १९९१ चा निबंध त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक रोचक आहे.

प्रश्न असा. पुष्कळ स्मृती आहेत आणि पुष्कळ प्रोसेसर आहेत. कोणत्याही दोन स्मृतींतील अंकांचा गुणाकार करण्याची वेळ येऊ शकते. त्या दोन्ही स्मृतींशी जोडलेला एखादा प्रोसेसर हवाच. प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक स्मृतीशी जोडला तर तारांचे जंगल होते. कमी तारा ठेवल्या तर काही जोड्या अनाथ राहतात. करमरकरांनी उत्तर शोधले ते प्रक्षेपी भूमितीत. आपण शाळेत शिकतो की दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. हे विधानच त्यांनी यंत्राचा आराखडा म्हणून वापरले : बिंदू म्हणजे स्मृती, रेषा म्हणजे प्रोसेसर. दोन स्मृती दिल्या की त्यांच्यावरून जाणारी रेषा, म्हणजेच त्यांचे काम करणारा प्रोसेसर, आपोआप ठरतो. त्यात वाद नाही आणि विलंबही नाही.

याचे सर्वांत लहान उदाहरण इटालियन गणिती जिनो फानो यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात सात बिंदू आणि सातच रेषा आहेत. विद्यार्थ्यांनी कागद घेऊन करून पाहावे. पहिली रेषा १, २, ४ या बिंदूंची. प्रत्येक अंकात एक मिळवीत जावे आणि सातानंतर पुन्हा एकावर यावे, म्हणजे पुढच्या रेषा मिळतात : २, ३, ५; ३, ४, ६; ४, ५, ७; ५, ६, १; ६, ७, २; ७, १, ३. आता कोणतेही दोन अंक मनात धरा. ते दोघे एकत्र ज्यात आहेत अशी रेषा नेमकी एक सापडेल, शून्यही नाही आणि दोनही नाहीत. प्रत्येक प्रोसेसरला तीनच तारा. एकूण एकवीस तारांत काम झाले. सर्वांना सर्वांशी जोडले असते तर एकोणपन्नास लागल्या असत्या.

खरे सौंदर्य याच्याही पुढे आहे. सात स्मृतींच्या जोड्या होतात एकवीस. सात प्रोसेसरांनी प्रत्येकी तीन जोड्या उरकल्या की तीन फेऱ्यांत सारे काम संपते. पहिल्या फेरीत प्रत्येक रेषेवरील पहिल्या दोन बिंदूंची जोडी घ्यावी, दुसऱ्या फेरीत शेवटच्या दोहोंची, तिसऱ्या फेरीत पहिल्या व शेवटच्या बिंदूंची. मोजून पाहिले तर प्रत्येक फेरीत प्रत्येक स्मृतीकडे नेमकी दोन मागणी येतात. कोणाच्या दारात गर्दी नाही आणि कोणी रिकामा नाही. मोठ्या आकारात लाभ अधिक स्पष्ट होतो. एक्याण्णव स्मृती आणि एक्याण्णव प्रोसेसर असतील तर प्रत्येकास दहाच तारा पुरतात : नऊशे दहा तारांत जे साधते त्यासाठी एरवी आठ हजार दोनशे एक्याऐंशी लागल्या असत्या.

करमरकरांनी पुढे पुण्यात टाटा समूहाच्या संगणकीय संशोधन प्रयोगशाळेतही काही काळ काम केले. याच प्रयोगशाळेचा ‘एका’ हा संगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जागतिक यादीत चौथ्या स्थानी आला. त्यांच्या भूमितीचे यंत्र बाजारात दिसले नाही हे खरे. परंतु विचाराची किंमत बाजारावरून ठरवावयाची नसते. नववीच्या पुस्तकातील एक विधान आणि महासंगणकाचा आराखडा यांच्यात एका पावलाचेच अंतर असते, हे त्यांनी दाखवून दिले.

५. शिळा आणि खिळे

आतापर्यंत आपण प्रोसेसर कसे मांडावेत आणि जोडावेत ते पाहिले. पण प्रोसेसरच कामाप्रमाणे बदलता आला तर? येथे मला मराठी मुद्रणाच्या इतिहासाचे साहाय्य घ्यावयाचे आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळेवर जे उमटविले तेच छापले जाते. दुसरे पुस्तक हवे असेल तर शिळा घासून पुन्हा आरंभ करावा लागतो. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे सुबक खिळे घडविले. खिळ्यांचे वैशिष्ट्य असे की आज त्यांतून गाथा जुळवावी, उद्या ती सोडून तेच खिळे पुन्हा घरांत टाकावेत आणि परवा व्याकरण जुळवावे. धातू तोच, ग्रंथ निराळे.

साधी चकती ही शिळा आहे. कारखान्यात तिच्यावर जे मंडल कोरले जाते ते कायमचे. तिला पर्याय असावा हा विचार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० सालीच मांडला होता : संगणकाचा एक भाग स्थिर असावा आणि दुसरा कामाप्रमाणे बदलता यावा. त्याला साजेशी चकती यावयास पंचवीस वर्षे लागली. १९८५ साली अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने पहिली चकती बाजारात आणली. तिच्या कल्पनेचे श्रेय तेथील रॉस फ्रीमन यांना दिले जाते. तिच्यात चौसष्ट तर्ककोष्ठे होती. या जातीला आज एफपीजीए म्हणतात. प्रत्येक कोष्ठ म्हणजे एक लहान तक्ता : अमुक संकेत आले तर अमुक उत्तर द्यावे, एवढेच त्यात लिहिलेले असते. चार संकेतांसाठी सोळा ओळींचा तक्ता पुरतो. कोष्ठांच्या भोवती तारांचे जाळे आणि तारांच्या चौकांत विजेचे सांधे. तक्ते भरले आणि सांधे लावले की चकती हवे ते यंत्र होते. ते पुसून नवे भरले की दुसरे यंत्र. खिळे आणि यार्ड यांचा हा संगम म्हणावा.

आता पंगतीचे शास्त्र आणि हे खिळे एकत्र आणून पाहा. गणनेची समीकरणे लिहावयाची. कशानंतर काय, हे त्यांतून काढावयाचे. तिरप्या पातळीने वेळापत्रक लावावयाचे. कोणते बिंदू कोणत्या प्रोसेसरवर बसतील ते ठरवावयाचे. आणि मग तेवढेच, तसेच प्रोसेसर एफपीजीएवर उमटवावयाचे. पूर्वी यंत्र आधी असे आणि प्रश्न त्यात कोंबावा लागे. आता प्रश्नाच्या मापाने यंत्र बेतता येते, जसा शिंपी अंगरखा बेततो. अर्थात याला किंमत आहे. बदलत्या चकतीतील बरीच जागा सांधेच खातात. तिचा ठोकाही कायमच्या चकतीपेक्षा मंद असतो. आणि मोठे मंडल जुळवून देण्यास संगणकालाही तासन्‌ तास लागतात. म्हणून जेथे एकच काम अखंड चालते आणि तरी ते काम उद्या बदलण्याचा संभव असतो, तेथेच ही साधने शोभतात.

असे एक ठिकाण आपल्या फार दूर नाही. जुन्नर तालुक्यात खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. आकाशाचे चित्र मिळावे म्हणून प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशी गुणावा लागतो. तिसांच्या जोड्या होतात चारशे पस्तीस, आणि हे गुणाकार अहोरात्र चालावे लागतात. फानोच्या सात बिंदूंचा प्रश्नच येथे आकाशाच्या मापाने उभा राहतो. अलीकडच्या दशकात या दुर्बिणीची सुधारणा झाली तेव्हा कामाची वाटणी अशी केली गेली : तबकड्यांकडून येणारे संकेत अंकांत आणून गठ्ठे बांधून पुढे पाठविण्याचे काम एफपीजीएच्या पट्टांनी करावे आणि जोड्यांच्या गुणाकाराचे काम ग्राफिक प्रोसेसरांनी. निरीक्षणाची गरज बदलली तर अंबरातील तबकड्या बदलाव्या लागत नाहीत, तक्ते बदलले की भागते.

६. जुने ते परत येते

या कथेचा आणखी एक धडा आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुष्कळांनी सिस्टॉलिक रचनेला इतिहासजमा केले होते. साधे प्रोसेसर दरवर्षी इतके वेगवान होत होते की पंगत मांडण्याचे कष्ट घ्यावेत कोणी? २००५ च्या सुमारास तो वेग उष्णतेच्या भिंतीवर आदळला. मग एकाच्या जागी अनेक वाढपी आणावे लागले आणि जुनी वही पुन्हा उघडावी लागली. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या शोधयंत्रासाठी सोळाशे बत्तीस संगणकांत एफपीजीए बसवून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. गूगलने २०१५ पासून वापरात असलेल्या आपल्या खास चकतीचा तपशील २०१७ साली जाहीर केला, तेव्हा तिच्या पोटात दोनशे छप्पन्न गुणिले दोनशे छप्पन्न, म्हणजे पासष्ट हजार पाचशे छत्तीस गुणकांची सिस्टॉलिक चौकट निघाली. आज ज्या कृत्रिम बुद्धीची सर्वत्र चर्चा आहे तिच्या पायाशी १९७८ सालची ही मांडणी आहे. ज्यांनी ती शिकून ठेवली होती त्यांना ती नव्याने शोधावी लागली नाही.

७. आपल्या पुढचे काम

श्रोतेहो, या नगरीला शिक्षणाची परंपरा आहे. हुबळीत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. गेल्या दशकात धारवाडला भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आली आणि २०१६ पासून आयआयटीही. कन्नड ही या मातीची भाषा. मराठी ही आपल्या घरांची. दोन्हींत वाढलेली मुले या शाळेतून त्या संस्थांत जातील. तेथे त्यांना चकत्या मिळतील, पट्ट मिळतील, तयार साधने मिळतील. मांडणीची दृष्टी मात्र चौदाव्या-पंधराव्या वर्षी, भूमितीच्या तासाला आणि मायबोलीत मिळाली तर मिळते. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे पाठ करणारा मुलगा आणि ते वाक्य उलटसुलट करून पाहणारा मुलगा यांच्यात पुढे जे अंतर पडते, ते कोणत्याही महागड्या प्रयोगशाळेने भरून निघत नाही.

म्हणून संस्थेच्या चालकांना माझी एक सूचना आहे. या व्याख्यानमालेच्या निमित्ताने दरवर्षी वरच्या वर्गातील मुलांना एक प्रश्न घालावा : एखादे नेहमीचे काम घ्या, मग ती स्नेहसंमेलनाची पंगत असो, परीक्षेच्या उत्तरपत्रिका वाटणे असो वा ग्रंथालयातील पुस्तके लावणे असो; किती जणांनी, कोणत्या क्रमाने, कशानंतर काय केले असता ते लवकरात लवकर आणि गर्दी न होता पुरे होईल, याचे कोष्टक मांडा आणि ते बरोबर का आहे हे मराठीत लिहून दाखवा. यास यंत्र नको आणि पैसाही नको. यासाठी लागणारा शब्दसंग्रह आपल्या भाषेत आधीपासून आहे; पंगत, पाळी, फेरी, सांधा, खिळा, रांग हे शब्द आपण शतकानुशतके वापरीत आलो आहोत. त्यांना गणिताच्या तासाला आत घेण्याचे तेवढे राहिले आहे.

यंत्र नाकारले जाऊ शकते, विकत घेता येते, जुनेही होते. मांडणीची विद्या एकदा अंगी मुरली म्हणजे ती कोणी नाकारू शकत नाही. गुरुजींच्या पिढीने खडू आणि फळा यांच्या बळावर ती मुरविली. तेच व्रत पुढे चालविणे हेच त्यांचे खरे स्मारक होईल असे मला वाटते.